नाटक कोठे लागले आहे?

सुटीत मुंबईस मामाकडे किंवा मावशीकडे जाणारे विद्यार्थी आमच्या शाळेत पुष्कळ आहेत. ते परत आल्यावर, "काय काय पाहिलेत?" असे विचारावे, तर राणीची बाग, गेटवे, चौपाटी आणि एखादा नवा चित्रपट अशी यादी ऐकावयास मिळते. "आणि नाटक?" या प्रश्नास मात्र बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "पाहावयाचे होते, पण कोठे लागले आहे, ते कळलेच नाही." मराठी नाटकांचे इतके प्रयोग जेथे होतात, त्या नगरीत महिनाभर राहूनही नाटक सापडू नये, ही गोष्ट इंदुरात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना चुटपुट लावणारी आहे. म्हणून या लेखात नाटक शोधण्याची रीत, आणि नाटक असे लपून का बसते याची कारणे, यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

चित्रपट एखाद्या गृहात आठवडाभर मुक्काम ठोकून असतो. आज गेलो नाही तर उद्या जावे. दुपारी जमले नाही तर रात्री जावे. नाटकाचे तसे नाही. शनिवारी रात्री ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, रविवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात आणि त्याच रात्री विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, असे एकाच नाटकाचे तीन प्रयोग दोन दिवसांत होऊ शकतात. आणि सोमवारी ते नाटक शहरात कोठेच नसते. याचे कारण असे, की आज नाटक करणाऱ्या संस्थांच्या मालकीची नाट्यगृहे नाहीत. बहुतेक नाट्यगृहे महानगरपालिकांची, शासनाची किंवा विश्वस्त संस्थांची आहेत. ती सकाळ, दुपार आणि रात्र अशा सत्रांनी भाड्याने दिली जातात, आणि त्यांच्या तारखा संस्थांना काही महिने आधी वाटून दिल्या जातात. ज्या संस्थेस शनिवार-रविवारची तारीख मिळाली, ती भाग्यवान. नटमंडळीही आठवड्याचे इतर दिवस बहुधा दूरदर्शन-मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेली असतात. तेव्हा नाटक शोधणाराने नाट्यगृह धरून बसू नये, वार धरावा. शनिवार, रविवार आणि सणाची सुटी हे दिवस मोकळे ठेवले, की अर्धे काम झाले.

नाटक पूर्वी असे घाईचे नव्हते. विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले, आणि दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, त्यांची मंडळी मुंबईस आली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. पुढे त्याच भागात एकामागून एक नाट्यगृहे उभी राहिली. इंग्रजीतील 'प्ले हाऊस' लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले, आणि नाट्यगृहांची सिनेमागृहे झाल्यावरही त्या वस्तीचे नाव पिला हाऊसच राहिले. मुंबईत हे नाव कानी पडले, की तेथे एके काळी रात्र-रात्र नाटके रंगत असत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी आणावे.

त्या काळची नाटक मंडळी म्हणजे चालते गावच. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीस 'ललितकलादर्श' स्थापिली, आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला. या मंडळ्यांचे पडदे, पेट्या, वाद्ये, स्वयंपाकी, नट, त्यांची बिऱ्हाडे, सारे आगगाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जाई आणि एकेका गावी मुक्काम आठवडेच्या आठवडे पडे. आज 'सौभद्र', परवा 'मानापमान', असे क्रमाने खेळ होत. नाटक शोधावे लागतच नसे. कंपनी आली, ही वार्ता गावभर आपोआप पसरे. हस्तपत्रके घरोघर पोचत; मंडळीतील नट बाजारात भाजी घेताना दिसे. गुर्लहोसूर आणि हुबळी कर्नाटकात, बडोदे गुजरातेत. मराठी नाटकाचा जन्म आणि फेरफटका केवळ पुण्या-मुंबईपुरता होता, असा समज पुष्कळांचा असतो; ही तीन गावे नकाशावर पाहिली म्हणजे तो टिकत नाही.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. मुंबईस उतरल्यावर पहिल्या शनिवारी मराठी वर्तमानपत्र घ्यावे. घरी येत असेल तर उत्तमच. त्यात नाटकांच्या जाहिराती एकत्र छापलेल्या असतात. लहान-लहान चौकटी, दाट अक्षरे, नटांचे चेहरे. प्रथम पाहताना गोंधळ उडतो. परंतु एखादे कोष्टक वाचावे तशी ही पाने वाचता येतात. प्रत्येक चौकटीत नाटकाचे नाव, लेखक, दिग्दर्शक, कलावंत, आणि तळाशी वार, वेळ व नाट्यगृह दिलेले असते. विद्यार्थ्यांनी तळापासून वर वाचावे. आधी आपल्याला जमणारा दिवस व जवळचे नाट्यगृह पाहावे, मग नाटक निवडावे. नावापासून सुरुवात केली, तर हवे ते नाटक हटकून दूरच्या टोकाला निघते.

जाहिरातीतील काही शब्दांचा अर्थ कळला पाहिजे. 'शुभारंभ' म्हणजे पहिला प्रयोग. त्यास जाण्याची हौस पुष्कळांना असते. आमच्या मते मात्र दहा-पंधरा प्रयोग झालेले नाटक अधिक बांधेसूद असते. 'प्रयोग क्रमांक' हा नाटकाच्या वयाचा आकडा होय. मच्छिंद्र कांबळी यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि त्याच्या प्रयोगांनी पाच हजारांची संख्या ओलांडली. प्रशांत दामले या एकट्या नटाने आपल्या सर्व नाटकांचे मिळून १२,५०० प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुरे केले. 'सूत्रधार' हा शब्द मोठा गमतीचा आहे. संस्कृत नाटकात नांदीनंतर रंगमंचावर येऊन नटीशी बोलणारा तो सूत्रधार. आजच्या जाहिरातीतला सूत्रधार रंगमंचावर कधीच दिसत नाही. तारखा मिळविणे, बस ठरविणे, नटांच्या वेळा जुळविणे, तिकीटखिडकीचा हिशेब पाहणे, ही सारी सूत्रे त्याच्या हाती असतात. पाठ्यपुस्तकात शिकलेल्या शब्दाला जिवंत भाषा कसा नवा अर्थ देते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

जाहिरात हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग नाट्यगृहाच्या दारावरचा. बहुतेक नाट्यगृहांबाहेर येत्या दिवसांतील प्रयोगांचे फलक लावलेले असतात, आणि तेथे गेल्याने जाहिरात न दिलेले प्रयोगही कळतात. दादर स्थानकाच्या पश्चिमेस, प्लाझा चित्रपटगृहासमोर, १९६५ पासून चालू असलेले शिवाजी मंदिर आहे. ज्यास एकच नाट्यगृह पाहावयाचे असेल, त्याने ते पाहावे. तेथील फलकासमोर पाच मिनिटे उभे राहिले, की त्या आठवड्यातील मराठी रंगभूमीचा अंदाज येतो. तेथून प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर आणि माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर फार दूर नाही. गिरगावात चर्नी रोड स्थानकाजवळ मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे. उपनगरांत राहणारांना मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, वाशीचे विष्णुदास भावे, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले आणि कल्याणचे आचार्य अत्रे ही नाट्यगृहे अधिक सोयीची. नाटककार, नट आणि समाजसुधारक यांची नावे एवढ्या दाटीने एका शहराच्या आसपास क्वचितच आढळतील.

जाण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. नाट्यगृहे दुरुस्तीसाठी महिनेच्या महिने बंद असतात. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालचे. गिरणगावच्या कामगारांनी तेथे आपली नाटके केली, आणि तेही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले. जुन्या माहितीवर विसंबून लोकलने तासभर प्रवास करावा आणि दारास कुलूप दिसावे, हे नको.

तिसरा मार्ग भ्रमणध्वनीचा. बुकमायशोवर व २०२३ साली खास मराठी नाटकांसाठी निघालेल्या 'तिकिटालया'वर घरबसल्या खुर्ची निवडता येते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. तरीही तिकीटखिडकीवर एकदा जाऊन यावे, असे आम्ही सुचवितो. खिडकीतील मनुष्यास, "मुलांना कळेल असे काय आहे?" असे विचारता येते, हा प्रश्न यंत्रास विचारून भागत नाही. खुर्च्यांचा नकाशा, ज्यास तेथील लोक 'प्लॅन' म्हणतात, तोही समोर असतो. पहिली रांग मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण तेथून नटांचे पाय अधिक आणि चेहरे कमी दिसतात. चौथ्या ते दहाव्या रांगेतील मधली खुर्ची उत्तम. पैसे कमी असतील तर खालच्या मजल्यावरील शेवटच्या रांगेपेक्षा बाल्कनीची पहिली रांग घ्यावी. तेथून रंगमंचाची सगळी मांडणी दिसते, आणि कोण कोणाकडे पाठ करून का उभा आहे हे समजते.

मे महिन्यात आणि दिवाळीत जाणाऱ्या धाकट्या विद्यार्थ्यांचे नशीब विशेष चांगले, कारण बालनाट्यांचा हंगाम तोच. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' सुरू केले आणि मुलांसाठी नीटनेटके, सजलेले नाटक असावे असा आग्रह धरला. रत्नाकर मतकरी यांचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली नव्याने रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील चेटकिणीस पाहावयास आजोबा आणि नातू एकाच रांगेत बसले.

आतापर्यंत सांगितलेली नाटके व्यावसायिक होत. परंतु प्रायोगिक नाटक हा वेगळाच प्रांत आहे, आणि तेथे वर्तमानपत्राचा फारसा उपयोग होत नाही. १९७४ साली 'आविष्कार' या संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग करण्यास आरंभ केला. सजविलेला रंगमंच नाही, भारी खुर्च्या नाहीत. शाळेचा दिवाणखाना आणि समोर जेमतेम मावतील इतके प्रेक्षक. तरी तेथे झालेल्या नाटकांनी त्या पिढीची रुची बदलली, आणि 'छबिलदास' हे नाव एका चळवळीचे झाले. आमच्या शाळेच्या सभागृहाकडे पाहून नाक मुरडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे! आज अशी नाटके पाहावयाची तर जुहूचे पृथ्वी थिएटर गाठावे. तेथे सुमारे २०० प्रेक्षक रंगमंचास तिन्ही बाजूंनी बिलगून बसतात. मराठीपेक्षा हिंदी व इंग्रजी नाटके अधिक असतात, आणि उशिरा येणारास आत सोडीत नाहीत. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातही लहान नाट्यगृह आहे. एकांकिका स्पर्धांची तिकिटे स्वस्त आणि उत्साह दांडगा. मुंबईची 'सवाई' एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते ती प्रजासत्ताकदिनाची पहाट उजाडेपर्यंत चालते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासूनचा. कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी एक तरी पाहून ठेवावी.

मराठीखेरीज इतर भाषांची नाटकेही या नगरीत आहेत. गुजराती रंगभूमी मोठी आहे; पण तिचे पुष्कळ प्रयोग मंडळे व ज्ञातिसंस्था आपल्या सभासदांसाठी आधीच विकत घेतात, त्यामुळे बाहेरच्यास ते कळत नाहीत. गोव्याची कोकणी तियात्र तर जन्मलीच मुंबईत, १८९२ साली. परदेशी संगीत-नाटकांचे दौरेही आता येऊ लागले आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात ३१ मार्च २०२३ रोजी नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र उघडले, आणि त्याच वर्षी त्याच्या सुमारे २,००० खुर्च्यांच्या नाट्यगृहात 'द साउंड ऑफ म्युझिक' हे अमेरिकन संगीत-नाटक आले. तिकिटे सामान्य कुटुंबास जड जाणारी होती. परंतु त्यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे : ती मंडळी सारा सरंजाम घेऊन आली आणि एकाच नाट्यगृहात आठवडेच्या आठवडे राहिली. गंधर्व मंडळी अशीच राहत असे. आमचे मराठी नाटक मात्र रात्री साडेअकरास पडदा पाडते, नेपथ्य मोडून टेंपोत भरते, आणि सकाळी दुसऱ्याच नाट्यगृहात उभे राहते.

येथे आम्हांला आमच्या गावाकडे वळले पाहिजे. मुंबईत प्रेक्षक नाटकास शोधतो. इंदुरात नाटकानेच प्रेक्षकाकडे आले पाहिजे. ते कसे येते, हे ठाऊक असणे मुंबईची नाट्यगृहे ठाऊक असण्याहून अधिक अगत्याचे आहे.

दौऱ्याचे गणित कठोर असते. मुंबईहून इंदूर रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर. नाटकाची बस बिजासनचा घाट चढून येते. येण्यास एक दिवस, प्रयोगाचा एक, परतण्यास एक. म्हणजे एका प्रयोगासाठी नटाचे तीन दिवस मोडतात. दर प्रयोगाला नटास जे मानधन मिळते, त्यास त्या व्यवसायात 'नाइट' म्हणतात; ती प्रयोगाची मिळते, प्रवासाच्या दिवसांची भरपाई कोठून तरी काढावी लागते. नेपथ्याचा टेंपो, मुक्काम, जेवण, नाट्यगृहाचे भाडे आणि रंगमंच कामगारांची मजुरी ही निराळीच. संस्थेस हा धोका पत्करवत नाही. म्हणून बाहेरगावचा प्रयोग बहुधा तेथील कोणीतरी ठोक रक्कम देऊन विकत घेतो; खुर्च्या भरल्या तर त्याचा नफा, रिकाम्या राहिल्या तर त्याचाच तोटा.

यामुळे बाहेरगावी कोणते नाटक यावयाचे, तेही खर्चावरून ठरू लागते. दोन ते पाच पात्रे, एकच दिवाणखाना, विनोदी विषय, असे नाटक सुखाने प्रवास करते. वीस पात्रांचे ऐतिहासिक किंवा साथीदारांसह आलेले संगीत नाटक महाग पडते. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग १९६२ साली दिल्लीस झाला, तोही फिरत्या रंगमंचासह. प्रभाकर पणशीकर यांनी ते नाटक गावोगाव नेले, तेव्हा प्रेक्षकांना केवळ लखोबा लोखंडेच नव्हे, तर फिरणारा रंगमंचही पाहावयास मिळे. त्याआधी पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सने १९४४ ते १९६० या काळात मोठा परिवार घेऊन देशभर हिंदी नाटके केली. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत, आणि ती देणगी सत्कार्यास जाई. एवढा सरंजाम आज दौऱ्यावर नेणारी संस्था विरळा.

इंदुरात या अडचणीवर जो उपाय निघाला, तो सभासदत्वाचा. सानंद न्यासाने प्रेक्षकांचे गट पाडले आहेत. सभासद वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो, आणि बाहेरून आलेल्या एकाच नाटकाचे त्या-त्या गटासाठी लागोपाठ प्रयोग होतात. त्यामुळे बस एका प्रयोगासाठी नव्हे, अनेक प्रयोगांसाठी येते. प्रवासाचा खर्च वाटला जातो. आणि खिडकीवर काय होईल, ही धास्ती संस्थेस राहत नाही. कंपनीच्या मुक्कामाचे हे एक धाकटे रूपच म्हणावयास हवे. यात उणीव एकच : नाटक निवडण्याचा अधिकार सभासदाकडे नसतो, समोर येईल ते पाहावयाचे. आम्हांस हा दोष वाटत नाही. ज्या नाटकाची जाहिरात वाचून आपण कधी गेलोच नसतो, ते नाटक अशा वेळी नकळत पदरात पडते.

परंतु प्रयोगाच्या वेळी सभागृहात मागे वळून पाहिले, तर पिकलेले केस अधिक दिसतात. वर्गणी आजोबांनी भरलेली असते, खुर्ची आजोबांची असते, आणि नातू घरी भ्रमणध्वनीत गुंतलेला असतो. वर्गणी भरणारी माणसे कमी झाली, तर गट कमी होतील. गट कमी झाले, तर प्रयोग कमी होतील. आणि मग तीन दिवस मोडून एका प्रयोगासाठी बिजासनचा घाट चढणे कोणत्याही संस्थेस परवडणार नाही. बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी मंडळींपुढेही थोड्याफार फरकाने हेच गणित आहे. बेळगावास तर २०१५ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले होते. संमेलन चार दिवसांचे, दौऱ्याचा प्रश्न मात्र बारा महिन्यांचा.

ज्यांच्या घरी असे सभासदत्व आहे, त्यांनी पुढील नाटकाचा दिवस आजच विचारून ठेवावा, आणि आजीला बरे नसल्यास तिच्या जागी घरातील दुसऱ्यास येता येते का, हे संयोजकांकडून समजून घ्यावे. प्रयोग सुटल्यावर पंधरा मिनिटे रेंगाळून सभागृहाच्या मागील बाजूस जावे. घडीचे दरवाजे, खिडक्या, सोफा, दिव्यांच्या पेट्या, सारे ओळीने टेंपोत चढत असते. कामगारांच्या आड न येता, उद्याचा मुक्काम कोठे, असे विचारावे. उज्जैन म्हणाले तर उज्जैनच्या, देवास म्हणाले तर देवासच्या नातलगांना रात्रीच निरोप धाडावा; तेथल्या वर्तमानपत्रात ती बातमी आली असेलच, असे नाही.